लायब्ररीचा एक तास कसा घ्यायचा, काय शिकवायचं आणि काय सरळ गाळायचं

जुलै उजाडला की प्राचार्यांचा निरोप येतो, मॅडम एफवायचं ओरिएंटेशन आहे, तुमचा अर्धा तास धरलाय, लायब्ररीची माहिती देऊन टाका. मीही पहिली चारपाच वर्षं इमानेइतबारे दिली. बेचाळीस स्लाइडचं पीपीटी होतं माझं, त्यात वेळा, नियम, दंड किती, कार्ड हरवलं तर काय, ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचे पाच सिद्धांत, ओपॅक म्हणजे लायब्ररीचा ऑनलाइन कॅटलॉग कसा उघडायचा, सगळं ठासून भरलेलं. एका वर्षी शेवटी विचारलं, काही शंका? दीडशे मुलांतून एकाने हात वर केला, मला काय आनंद झाला म्हणून सांगू, आणि तो उठून म्हणाला, "मॅडम, चार्जिंग पॉइंट कुठंय?"

त्या दिवशी चिडले. पण बसमधून घरी येताना पटलं की बेचाळीस स्लाइडमध्ये त्या पोराच्या कामाची एकही गोष्ट नव्हती आणि त्याने प्रामाणिकपणे जी हवी होती तीच विचारली. तेव्हापासून हळूहळू तास बदलत गेला. नाशिकमध्ये आणि आसपासच्या तालुक्यांत नवीन लागलेले ग्रंथपाल अधूनमधून फोन करतात, मॅडम तुम्ही काय घेता तासात, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते. जे प्राध्यापक मुलांना "जा लायब्ररीत, प्रोजेक्ट करा" एवढंच सांगून मोकळे होतात त्यांनीही वाचलं तर बरंच होईल.

पहिली गोष्ट म्हणजे जुलैचं ते ओरिएंटेशन. ते टळत नाही, पण दहा मिनिटांत उरका. कार्ड कुठे मिळतं, किती पुस्तकं किती दिवस, काउंटरवर कोण बसतं, बस. खरा तास तेव्हा मागायचा जेव्हा मुलांच्या डोक्यावर प्रोजेक्ट बसलेला असतो. तहान लागली की पाणी, आधी नाही. त्यासाठी स्टाफरूममध्ये चकरा माराव्या लागतात आणि तास देताना सर लोकांच्या जिवावर येतं, पोर्शन राहिलाय म्हणतात. मी एकच वाक्य बोलते, सर तुमचा एक तास घेते पण प्रोजेक्ट तपासताना तुमचे चार वाचतील. बहुतेक जण देतात. एका सरांनी तर तास दिला आणि स्वतः शेवटच्या बाकावर बसून पेपर तपासत बसले, पण निम्म्या तासानंतर पेन खाली ठेवलं होतं, मी पाहिलं.

तास मिळाला की सरांकडून विषयांची यादी आठवडाभर आधी मागून घ्या. यादी बघून धक्का बसेल, त्याची तयारी ठेवा. गोदावरी प्रदूषण वीस जणांना, कांदा दहा जणांना, कुंभमेळा आठ जणांना, आणि कुणाला तरी "पर्यावरण". नुसतं पर्यावरण. ही यादी म्हणजे तुमचं तासाचं मटेरियल आहे.

तासाच्या आदल्या दिवशीची तयारी

ज्या कंप्युटरवर तास घेणार त्याच कंप्युटरवर, त्याच नेटवर, सगळे सर्च एकदा करून बघा. घरच्या वायफायवर उघडलेलं पान कॉलेजात उघडेलच असं नाही. लाइट जाते, इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर चालत नाही, म्हणून चारपाच स्क्रीनशॉटची प्रिंट काढून ठेवा.

आणि आपलाच कॅटलॉग मराठीत नीट शोधून बघा, हे फार कमी लोक करतात. आमच्याकडे जुन्या नोंदी कुठल्याशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या, सॉफ्टवेअर बदललं तेव्हा त्यांचं सगळं खिचडीकाम झालं, मराठी नावाच्या जागी नुसत्या इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांगोळी. काही नोंदी रोमनमध्ये, त्यातही शिरवाडकर एकाने डब्ल्यूने लिहिलेले तर दुसऱ्याने व्हीने. नाशिकच्या मुलाला आपल्याच गावच्या ज्ञानपीठवाल्या लेखकाचं पुस्तक आपल्याच लायब्ररीत सापडत नाही यासारखी लाज नाही. त्यातून त्यांची कविता कुसुमाग्रज नावाने आणि नाटकं वि. वा. शिरवाडकर नावाने, म्हणजे कॅटलॉगमध्ये दोन माणसं, आणि पुस्तकं विषयवार लावायच्या ड्यूई पद्धतीच्या नंबरप्रमाणे कविता ८९१.४६१ ला आणि नाटक ८९१.४६२ ला, म्हणजे रॅकवरही दोन ठिकाणं. एका मुलीने मला विचारलं होतं, मॅडम शिरवाडकर हे कुसुमाग्रजांचे कोण? हसू नका, चूक तिची नव्हती, आम्ही दोन नोंदी एकमेकींना जोडल्याच नव्हत्या. त्या उन्हाळ्यात मी आणि आमच्या असिस्टंटने मिळून टोपणनावांचं काम हातात घेतलं. अजून संपलेलं नाही.

प्रत्यक्ष तास, आणि भुरीची गोष्ट

वर्गात गेल्यावर कंप्युटर लगेच चालू करू नका. प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या, पाठकोऱ्या कागदाची चालते, आणि लिहायला सांगा की तुमच्या प्रोजेक्टमधून तुम्हाला नक्की काय माहीत करून घ्यायचंय, आणि शेवटी प्रश्नचिन्ह पाहिजे. इथे वर्ग गप्प होतो. "कांदा" लिहायला दोन सेकंद लागतात, प्रश्न लिहायला दहा मिनिटं. घाई करू नका, ही दहा मिनिटं पुढच्या पन्नासपेक्षा महाग आहेत. कांदा लिहिणाऱ्या मुलाजवळ जाऊन विचारायचं, अरे तुझ्या घरी कांदा आहे का? आहे मॅडम. मग तुझ्या वडिलांना कांद्याचं काय टेन्शन असतं? चाळीत सडतो मॅडम. हां, मग लिही, चाळीत साठवलेला कांदा कशाने सडतो आणि सडणं कमी कसं करतात? झाला प्रश्न. लासलगावचे भाव, निर्यात, सगळं जग कांद्यात आहे, पण एका प्रोजेक्टमध्ये एकच सालपट सोलायचं.

प्रश्न झाला की शब्द. माझं सगळ्यात आवडतं काम हेच.

दोन वर्षांपूर्वी निफाडकडची एक मुलगी होती, घरी द्राक्षबाग. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीत ती आठवडाभर कॉलेजला येत नसे, घरी माणसं कमी पडायची. तिने विषय घेतला होता भुरी, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग. इंटरनेटवर भुरी टाकलं तर तिला काय काय आलं विचारू नका, भुऱ्या रंगाची मांजर पण आली. द्राक्षावरची भुरी टाकल्यावर औषध कंपन्यांच्या जाहिराती आणि व्हिडिओ. ती म्हणाली, मॅडम यावर काहीच नाहीये, विषय बदलू का? मी म्हटलं थांब, तुझ्या वडिलांचा शब्द आणि शास्त्रज्ञाचा शब्द वेगळा आहे, आपण त्यांची गाठ घालून देऊ. फळ्यावर चार रकाने आखले. पहिल्यात घरचा शब्द, भुरी. दुसऱ्यात पुस्तकी मराठी, द्राक्षावरील भुरी रोग. तिसऱ्यात इंग्रजी, पावडरी मिल्ड्यू. चौथ्यात शास्त्रीय नाव, आणि इथे खरी गंमत, या बुरशीचं नाव आता एरिसिफी नेकेटर आहे पण आधी ते अनसिन्युला नेकेटर होतं, म्हणजे तुम्ही फक्त नवीन नाव टाकलंत तर जुने संशोधनाचे पेपर गळून जातात. चारही रकान्यांतले शब्द एकेक करून टाकत गेलो. चौथ्या रकान्याला पेपरांची अशी रांग लागली की ती मुलगी खुर्चीतून उठून स्क्रीनजवळच आली. मग तीच बोलायला लागली, मॅडम केवडा रोग म्हणजे डाऊनी मिल्ड्यू ना, आणि गोडी छाटणीला इंग्रजीत काय म्हणतात? फॉरवर्ड प्रूनिंग म्हटल्यावर तिने लगेच वहीत लिहून घेतलं, आणि खरड छाटणी? बॅक प्रूनिंग किंवा फाउंडेशन प्रूनिंग. आपल्याकडे मांजरीला पुण्याजवळ द्राक्षाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, त्यांच्या साइटवर काय काय असतं ते तिने मग स्वतःच शोधून काढलं.

चार रकान्यांची ही युक्ती कुठल्याही विषयाला चालते. पांडवलेणी घ्या. पांडवलेणी टाकलं की पिकनिकचे फोटो येतात. विद्वानांच्या जगात ती नासिक केव्हज आहेत, जुन्या सरकारी पुस्तकांत पांडू लेणा आहेत, आणि शिलालेखात त्या डोंगराचं नाव त्रिरश्मी. तिथले शिलालेख फ्रेंच अभ्यासक सेनार यांनी एपिग्राफिया इंडिका या शिलालेखांच्या मालिकेच्या आठव्या खंडात वाचून छापलेत. गौतमी बलश्री नावाची आई आपल्या मुलाचं, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीचं कौतुक तीन नंबरच्या लेण्यात कोरून ठेवते, हे वाचून आमच्या एका मुलाने विचारलं, मॅडम हे तर आपण रोज बायपासवरून जाताना बघतो ते? हो रे, तेच.

आणि नाशिकवाल्यांसाठी खास सूचना, नाशिकचं स्पेलिंग दोन्ही प्रकारे टाका, एसएच घालून आणि नुसता एस घालून. मराठीतही नाशिक आणि नासिक दोन्ही. १८८३ चं बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटियर आहे ना, त्याचा सोळावा खंड अख्खा आपल्या जिल्ह्यावर आहे, पण तो एस वाल्या नासिकवर आहे. एक एच जास्त टाइप केला म्हणून पोरांचं शंभर वर्षांचं साहित्य हुकतं.

सर्चच्या बाकी युक्त्या पटापट सांगा, पाच मिनिटांत. दोन-तीन शब्द एकत्रच हवे असतील तर अवतरणचिन्हांत टाका. नको असलेल्या शब्दाआधी वजा चिन्ह लावा, मधे स्पेस न देता. हे किंवा ते असं हवं असेल तर मधे कॅपिटलमध्ये ऑर लिहा. एवढं बास. बुलियन लॉजिक वगैरे शब्द वापरून पोरांना घाबरवू नका, ते आपल्या परीक्षेत लिहायला ठीक होतं.

यानंतर एक धाडस करा. तयारी केलेला सर्च बाजूला ठेवून वर्गातल्या कुणाचीही एक चिठ्ठी उचला आणि तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर शोधा. फजिती होईल. माझी एकदा अशी झाली की आठ मिनिटं मी शोधतेय आणि काही केल्या सापडत नाही, घाम फुटला, मागून खुसखुस सुरू, पण मी मोठ्याने बोलत राहिले, हा शब्द चालला नाही, आता हा टाकते, हे फारच जुनं आलं, वर्ष बदलून बघते. शेवटी सापडलं ते अर्धवटच. नंतर दोन मुलं काउंटरवर येऊन म्हणाली, मॅडम आम्हाला वाटायचं तुम्हाला लगेच सापडतं आणि आम्हालाच येत नाही. त्यांनी कधी कुणाला चाचपडताना पाहिलंच नव्हतं.

कुठे शोधायचं

इथे यादी देण्याचा मोह होतो, पन्नास डेटाबेस, शंभर लिंक. देऊ नका. त्या तासाच्या विषयाला लागतील अशा तीनचार जागा दाखवा, बाकी हातात चिठ्ठी. सुरुवातीला विश्वकोश, तो ऑनलाइन फुकट आहे आणि मराठीत आहे, विकिपीडियाला नाक मुरडणाऱ्या सरांचंही समाधान होतं. विकिपीडिया वाचू नका असं मी सांगत नाही, वाचा, फक्त खाली जे संदर्भ दिलेत तिकडे जा आणि प्रोजेक्टमध्ये ते लिहा.

मग शोधगंगा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचा हा देशभरातल्या पीएचडी प्रबंधांचा साठा आहे आणि घरबसल्या मोबाइलवर उघडतो. इथे मुलांना एक चोरवाट दाखवा, अख्खा प्रबंध वाचायला जाऊ नका, प्रकरणांच्या वेगवेगळ्या फाइल असतात, त्यातली शेवटची संदर्भसूचीची फाइल आधी उघडा. कुणीतरी चारपाच वर्षं घालून तुमच्या विषयावरची पुस्तकं आणि पेपर शोधून ठेवलेत, आयती यादी आहे. त्यातले आपल्याकडे कुठले आहेत ते ओपॅकवर बघायचं. आणि प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात बहुधा पूर्वीच्या संशोधनाचा आढावा असतो, तो वाचला तर या विषयावर कोण काय म्हणालं आणि कुणाचं कुणाशी पटलं नाही हे कळतं. ज्ञान म्हणजे अशी चाललेली चर्चाच असते, आपण उशिरा येऊन पाराच्या कडेला बसतो, आधी थोडं ऐकतो आणि मग तोंड उघडतो. अमेरिकेतल्या कॉलेज लायब्ररींच्या संघटनेने २०१५ मध्ये माहिती शोधायला आणि वापरायला शिकवण्यासाठी जी नवी चौकट केली त्यातही सहातला एक मुद्दा हाच आहे, विद्वत्ता म्हणजे संवाद. आपल्याला पारावरचं उदाहरण जास्त जवळचं.

गुगल स्कॉलर दाखवताना प्रत्येक पेपरच्या खाली बारीक अक्षरात दोन लिंका असतात त्या दाखवा. एक साइटेड बाय, म्हणजे या पेपरनंतर त्याचा उल्लेख कुणी कुणी केला, जुन्या पेपरवरून नव्याकडे यायचा रस्ता. दुसरी ऑल व्हर्जन्स, तिथे पैसे मागणाऱ्या पेपरची फुकट पीडीएफ पुष्कळदा निघते. तरी नाही मिळाली तर लेखकाला साधा ईमेल करायचा, नमस्कार, मी अमुक कॉलेजची विद्यार्थिनी, तुमचा पेपर हवाय. पोरांना हे खोटं वाटतं. बरेच जण पाठवतात हो, आपलं लिहिलेलं कुणीतरी वाचायला मागतंय याचा कुणालाही आनंदच होतो.

वन नेशन वन सबस्क्रिप्शन, म्हणजे संस्थांना सरकारी खर्चाने जर्नल वाचायला देणारी योजना, तिच्याबद्दल मुलं आणि सर दोघंही विचारतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केली, २०२५ ते २०२७ साठी सहा हजार कोटी, आणि हजारो जर्नल. पण पहिल्या टप्प्यात ती सरकारी संस्थांसाठी आहे, खासगी कॉलेजातल्या पोराला बातमी वाचून वाटतं आपल्यालाही मिळणार आणि लॉगिन मागितलं की हिरमुसतो. तेव्हा आपलं कॉलेज त्यात आहे की नाही हे तासाआधी बघून जा आणि खरं सांगा.

आता कंप्युटर बंद करा आणि सगळ्यांना उठवून रॅककडे न्या. हे गाळू नका, कितीही उशीर झाला तरी. द्राक्षाची पुस्तकं ६३४.८ ला, कांद्याची ६३५.२५ ला, म्हणजे बाग आणि चाळ शेजारीशेजारी. हव्या त्या पुस्तकाच्या डावीकडची चार आणि उजवीकडची चार पुस्तकं काढून अनुक्रमणिका बघा, एवढं एकच काम द्या. मी जाता जाता ड्यूईच्या पक्षपाताबद्दलही बोलते, या माणसाने १८७६ मध्ये जगाचं ज्ञान दहा भागांत बसवलं, त्यात धर्माच्या दोनशेच्या घरात बहुतेक सगळ्या खोल्या ख्रिस्ती धर्माला आणि आपल्याकडचे धर्म २९४ मध्ये दाटीवाटीने, इंग्रजी साहित्याला अख्खं ८२० आणि मराठीला दशांश चिन्हाच्या पलीकडे ४६. पोरांना हे फार आवडतं, नंबर पण कुणीतरी माणसानेच दिलेत आणि त्याचीही काही बाजू होती हे कळलं की ती रॅककडे वेगळ्या नजरेने बघतात.

कॉलेजच्या भिंतीबाहेरही पाठवा. सार्वजनिक वाचनालय, आपलं सावाना, १८४० पासून आहे, पण कॉलेज रोडवर रोज फिरणाऱ्या किती मुलांनी आत पाऊल ठेवलंय ते वर्गात हात वर करून विचारा. मी विचारलं तेव्हा साठात तीन, आणि त्यातला एक नाटक बघायला गेला होता. जुने अंक आणि दुर्मिळ पुस्तकं मागताना नम्रपणे मागायची, कॉलेजचं पत्र आणि आयकार्ड बरोबर ठेवायचं, आणि फोटो काढायच्या आधी विचारायचं.

खोटे संदर्भ

हे प्रकरण हल्ली वाढलंय. गेल्या वर्षी एक मुलगा संदर्भांची सुंदर यादी घेऊन आला, सात पेपर, लेखकांची नावं भारदस्त, जर्नल, वर्ष, पान नंबर, सगळं जागच्या जागी. म्हणाला मॅडम हे काढून द्या. मी अर्धा दिवस शोधलं. दोन सापडले, पाच नाहीत. जर्नल खरं, खंड पण खरा, त्या पानावर भलताच लेख. शेवटी विचारलं, बाळा ही यादी आणली कुठून? एआयला विचारलं मॅडम, त्याने दिली. त्याला वाटलं होतं माझी लायब्ररीच अपुरी आहे, आणि मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं हे कबूल करते.

आता त्या पाचातलीच एक नोंद मी तासात वापरते. फळ्यावर चार संदर्भ लिहायचे, तीन खरे एक बनावट, आणि गटात शोधायला लावायचं, दहा मिनिटं. पेपरचं पूर्ण नाव अवतरणचिन्हांत टाकून बघा, डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ऑनलाइन नंबर, असेल तर तो उघडतो का बघा, जर्नलच्या स्वतःच्या साइटवर त्या अंकाची अनुक्रमणिका बघा. एआय वापरू नका असा फतवा मी काढत नाही, कुणी ऐकणार नाही. प्रश्न नीट करायला, चार रकाने भरायला त्याला खुशाल विचारा, इंग्रजी शब्द तो बरे सुचवतो. पण जे स्वतः उघडून पाहिलं नाही ते संदर्भयादीत लिहायचं नाही. यावर मी अडून बसते, आणि सरांनाही अडून बसायला सांगते.

वेबसाइट खरी की खोटी हे ठरवताना तिथल्याच "आमच्याविषयी" पानावर विश्वास ठेवू नका, दुसरा टॅब उघडून त्या साइटबद्दल इतर काय म्हणतात ते बघा. स्थळ आल्यावर आपण मुलाकडच्यांनाच विचारतो का मुलगा कसा आहे? गावात चौकशी करतो ना, तसंच.

सायटेशन का करायचं

संदर्भ एपीए पद्धतीने लिहायचे की एमएलए हा वाद पहिल्या तासात नको. आधी का ते सांगा. मी अभंगावर जाते. शेवटच्या ओळीत तुका म्हणे, नामा म्हणे येतं, म्हणजे हे कुणाचं बोलणं आहे ते ऐकणाऱ्याला कळतं, तेव्हापासूनची सवय आहे आपली. आणि एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा बजावून ठेवलं की यात जो आपली ओवी घुसवेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असं समजा. दुसऱ्याच्या मजकुरात आपलं मिसळायचं नाही, आपल्यात दुसऱ्याचं आलं तर नाव घ्यायचं. एवढं सांगितलं की मुलांना पटतं, आणि मराठीच्या मॅडम खूश होतात ते वेगळंच.

दहा टक्क्यांचा गैरसमज मात्र सरांचा जास्त असतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही असं आहे, त्याचा अर्थ दहा टक्के चोरायची सूट आहे असा काढणारे मी पाहिलेत. एक परिच्छेद उचलला तर तो शंभर पानांत एक टक्काही भरणार नाही, तरी उचलेगिरी ती उचलेगिरीच.

आणि प्राध्यापकांसाठी, केअर यादी, म्हणजे यूजीसीची मान्य जर्नलची यादी, यूजीसीनेच फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. अजून आठवड्याला एक तरी जण येतो, मॅडम हे जर्नल केअरला आहे का बघा. नाहीये सर आता ती यादी, आता आपणच बघायचं. संपादक मंडळातली माणसं खरंच त्या विषयातली आहेत का, मागचे अंक उघडतात का, एकाच अंकात कांदा, कविता आणि कंप्युटर शेजारी आहेत का, आणि "दोन दिवसांत पब्लिकेशन, सर्टिफिकेट फ्री" असा मेसेज व्हॉट्सॲपवर आला असेल तर बघायचीही गरज नाही.

तास संपल्यावर

खरं शिकवणं काउंटरवर होतं. तासाला आलेल्या साठातले दहाबारा पुढच्या पंधरा दिवसांत येतात, चोरट्या पावलांनी, आणि जे हवंय ते सोडून भलतंच मागतात. मागच्या डिसेंबरात एक मुलगा आला, जॅक्सनवर काही आहे का? आमच्या असिस्टंटने त्याला प्रेमाने संगीताच्या रॅककडे नेलं. पोरगा बिचारा दहा मिनिटं मायकेल जॅक्सनचं पुस्तक चाळत उभा, बोलायची सोय नाही. त्याला हवा होता कलेक्टर जॅक्सन, २१ डिसेंबर १९०९ ला आपल्याच नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेंनी ज्याला गोळी घातली तो. म्हणून पुस्तक दाखवायच्या आधी एक प्रश्न विचारायचा, कशासाठी हवंय? पण तो पोलिसी आवाजात विचारू नका, नाहीतर पोरगं "काही नाही मॅडम" म्हणून पळतं. मी काम करता करता, त्याच्याकडे न बघता विचारते. बोलायला लागतात.

रंगनाथनांचा चौथा सिद्धांत वाचकाचा वेळ वाचवा असा आहे. मी पीपीटीतून पाच सिद्धांत काढून टाकलेत पण हा एक काउंटरच्या आतल्या बाजूला, आम्हाला दिसेल असा चिकटवलाय. ते स्वतः गणित शिकवता शिकवता १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, मला ते फार धीर देणारं वाटतं, कारण मीही शिकवायचं कुठे शिकले नव्हते.

एमपीएससीवाल्यांबद्दल थोडं. सकाळी सातला येऊन जागा धरतात, स्वतःची पुस्तकं आणतात, आपल्या रॅकला हात लावत नाहीत आणि आपण मनात कुढतो. कुढू नका, त्यांचाही एक तास घ्या. जिल्ह्याचं गॅझेटियर, जनगणना, आर्थिक पाहणी मूळ कागदातून कशी बघायची हे दाखवलं तर क्लासच्या नोट्सपलीकडे जाणारे दोनचार निघतात. आमच्याकडे निघालेत.

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी बॅनर, फोटो, हजेरी, फीडबॅक फॉर्म लागतात, ते शेवटच्या पाच मिनिटांत करून घ्या, फोटोत बॅनरवरची तारीख दिसेल असं बघा. फीडबॅकमध्ये सगळे "खूप छान" लिहितात, त्याने काही कळत नाही. मी काय करते, सेमिस्टर संपताना सरांकडून दहा प्रोजेक्ट मागून घेते आणि फक्त शेवटचं पान वाचते. पहिल्या वर्षी त्या पानावर गुगल, विकिपीडिया आणि इंटरनेट असे तीन संदर्भ होते, इंटरनेट हाही संदर्भ. दोन वर्षांपूर्वी दहातल्या सहा जणांनी लेखकाचं नाव लिहिलं होतं आणि दोघांनी पान नंबरसुद्धा. ती द्राक्षवाली मुलगी त्या दोघांत होती, आणि तिने एका संदर्भापुढे कंसात लिहिलं होतं, वडिलांशी बोलणे, तारीख अमुक, बागेत. सरांनी त्याच्याखाली लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढलं होतं. मी सरांकडे गेले आणि सांगितलं की मुलाखतीचा संदर्भ देता येतो, फक्त तो कसा लिहायचा ते मी तिला शिकवायला विसरले. पुढच्या तासात ते घातलंय.

हो, आणि चार्जिंग पॉइंट कुठंय ते पहिल्याच मिनिटात सांगून टाका.